कमी दाबाची मोटर

कुसुमताई जाधव गेल्याचं मला सव्वा महिन्याने कळलं. वाशीच्या बसथांब्यावर म्हात्रे भेटले. जुईनगरला आम्ही राहायचो त्या सोसायटीचे ते तेव्हाचे सेक्रेटरी. आता काठी घेऊन चालतात. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाले, "ती आपली वायडिंगवाली गेली गो. तुला कोनी सांगतला नाय?" तेवढ्यात त्यांची बस आली आणि ते चढले. मी माझी बस सोडली, तिच्या पुढचीही सोडली.

त्या चार मजली इमारतीत दुसऱ्या मजल्यावर आमची दारं समोरासमोर होती. नव्वदच्या दशकाची मधली वर्षं. एका दारामागे आई आणि मी; मी वाशीच्या एका कॉलेजात ग्रंथपाल होते. दुसऱ्या दारामागे कुसुमताई आणि त्यांचे यजमान जाधवभाऊ. दोघं साताऱ्याकडचे, मूलबाळ नव्हतं. भाऊ वाशीच्या मार्केटात कांदे-बटाट्यांच्या गोणी उचलत. कुसुमताई रबाळ्याच्या एका वर्कशॉपमध्ये जात. तिथे जळालेल्या मोटरी येत, बहुतेक फ्रिजच्या. फ्रिजच्या मागे खाली जो काळा लोखंडी डबा असतो तो कापायचा, आतली जळकी तार उपटायची आणि नव्या तांब्याच्या तारेचे वेढे हाताने भरायचे, म्हणजे वायडिंग. डबा कापणं आणि परत जोडणं पुरुषांकडे होतं. वेढे भरायच्या टेबलावर पाच बायका बसत. कुसुमताई त्यांत सगळ्यांत जुन्या.

या कामामुळे त्यांना मोजायची सवय लागली होती, आणि मोजताना त्यांना कुणी हाक मारलेली चालत नसे. एकदा त्या दारात बसून जुन्या स्वेटरची लोकर उसवून गुंडाळत होत्या. आई ओरडली, "कुसुम, दूध उतू चाललंय!" कुसुमताईंनी मान वर केली नाही. ओठ हलत राहिले. पन्नास झाले तशा उठल्या, आत जाऊन गॅस बंद केला, ओटा पुसला आणि परत येऊन बसल्या.

"अगं, सगळं दूध गेलं की!"

"दूध परत मिळतंय आई. मोजणी चुकली तर मुळापासनं उसवावं लागतंय."

उजव्या हाताच्या तर्जनीच्या टोकावर बारीक तारेने पडलेल्या चिरा होत्या. त्यांत हळद जाऊन बसे. अंगाला वेढ्यांवर लावायच्या वॉर्निशचा वास येई, तो कुठल्याच साबणाने जात नसे. जाधवभाऊ म्हणत, "आमच्या हिच्याशेजारी बसलं की नवीन कपाट आणल्यागत वाटतंय." कुसुमताई त्यावर भाऊंचं ताट थोडं जोरात ठेवत.

इतक्या फ्रिजच्या मोटरी त्यांच्या हाताखालून गेल्या, पण त्यांच्या घरात फ्रिज नव्हता. आईने एकदा कारण विचारलं. "रोज त्यांची आतडीच बघते मी," त्या म्हणाल्या. "घरी आल्यावर परत त्यांचंच तोंड कशाला?"

आमच्याकडे मात्र एका दाराचा फिकट निळा फ्रिज होता. आई तो झोपताना बंद करी आणि सकाळी दूध आलं की चालू करी. रात्री कोण उघडतंय, मग वीज कशाला जाळायची, हे तिचं म्हणणं. आमच्या जिन्यातल्या बहुतेक बायका हेच करत. कुसुमताईंना हे सहन होत नसे. एका रविवारी त्यांनी आईला हाताला धरून जिन्याखालच्या मीटरच्या कपाटापाशी नेलं. मी वर थांबून घरातलं सगळं बंद करायचं, फक्त फ्रिज चालू ठेवायचा, असं ठरलं. मीटरच्या काचेआड एक पातळ चकती फिरायची, तिच्या कडेला लाल खूण होती. फ्रिजची मोटर चालू असली की खूण फिरून फिरून समोर येई. मोटर थांबली की चकती जागच्या जागी उभी राही. दोघी तिथे पाऊण तास उभ्या राहिल्या.

"बगितलं? आता गार झालाय तर निम्मा वेळ नुसता निजलेला हाय. तुमी सकाळी चालू करता तवा त्यो दोन-दोन तास दम न खाता पळतो. रात्रीचं राहिलेलं सगळं तवा भरून काढतो."

"म्हणजे बंद ठेवून काहीच वाचत नाही?"

इथे दुसरं कुणीही 'नाही' म्हणून मोकळं झालं असतं. कुसुमताईंनी थोडा विचार केला. "वाचतंय. थोडंसं."

"मग!" आई विजयाने म्हणाली आणि जिना चढू लागली.

कुसुमताई मागून आल्या. मला म्हणाल्या, "खरं बोलायची खोडच वाईट." आईने फ्रिज बंद करणं त्यानंतरही सोडलं नाही. सोडलं ते एप्रिलमध्ये, वेगळ्या कारणाने.

त्या एप्रिलमध्ये कुसुमताई एक लहान स्टीलचा डबा घेऊन आमच्या दारात उभ्या राहिल्या. आत येईनात. जाधवभाऊंना साखरेचा आजार होता हे आम्हाला माहीत होतं. आता गोळ्या पुरेनात म्हणून डॉक्टरांनी इन्शुलिनची इंजेक्शनं लावली होती. औषध महिनाभराचं एकदम मिळायचं. काही दिवस त्यांनी ते ओलं फडकं गुंडाळून माठाशेजारी ठेवलं, पण माठाचं पाणीच कोमट व्हायला लागलं होतं.

"तुमच्या फ्रिजमधी एवढा डबा ठिवला तर..." त्यांचं वाक्य पूर्ण झालं नाही. इतक्या वर्षांत त्यांनी आमच्याकडे वाटीभर साखरही मागितली नव्हती.

आईने डबा त्यांच्या हातातून घेतला आणि बर्फाच्या कप्प्याकडे हात नेला. "तिथं नगं!" कुसुमताई ओरडल्या. "गोठलं तर वाया जाईल. मधल्या फळीवर, पुढं. गार पायजे, गोठलेलं न्हाई." आईने मधल्या फळीवरचं लोणी हलवून जागा केली. त्या दिवसापासून आमचा फ्रिज रात्रीचा चालू राहू लागला. कुसुमताई रोज सकाळ-संध्याकाळ येत, सुई भरण्यापुरतं औषध काढत आणि जाताना फ्रिजच्या कुशीला तळहात लावून क्षणभर उभ्या राहत. तापलाय का, थरथरतोय का, एवढंच बघत असाव्यात. आपल्या नवऱ्याचं औषध आणि आमचा फ्रिज यांची सांगड त्यांनी मनाशी घातली होती. भाऊ त्या औषधावर चालत होते आणि औषध त्या मोटरवर.

त्या उन्हाळ्यात विजेचा दाब वाईट होता. संध्याकाळी बल्ब नारिंगी दिसे. वीज जाई, आणि आली की सगळ्या इमारतीतले अकरा फ्रिज एकाच क्षणी सुरू होऊ पाहत. मग दाब आणखी बसे, नाहीतर खालचा फ्यूज उडे. कुसुमताईंनी मला याचं कारण जिन्यातच समजावलं होतं. भाऊ मार्केटातून येत होते, त्यांच्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "ह्यांना इचार. गोणी पाठीवर घ्यायची म्हंजी दोन माणसं लागतात का न्हाई? एकदा पाठीवर बसली की एकटा माणूस घेऊन चालतोय. मोटरीचं तसंच. उठताना तिला पाच-सहा पट वीज लागती. त्यासाठी आत बारीक तारेचे वेगळे वेढे असतात. चालायला लागली की त्यांचं काम संपलं. आता अकरा जणांनी एकदम गोणी उचलायची म्हटलं तर हात द्यायला माणसं कुठनं आणायची?"

"आणि उठताच आलं नाही तर?"

"तर ते बारीक वेढे तापत राहतात. मग येती माझ्या टेबलावर."

मग त्यांनी एक पद्धत घालून दिली. वीज गेली की प्रत्येकाने आपापल्या फ्रिजचं बटण बंद करायचं. आली की पाच मिनिटं थांबायचं, म्हणजे आतला गॅस शांत होतो. त्यानंतर कुसुमताई जिन्यात उभ्या राहून एकेक मजला पुकारणार, त्या मजल्याने चालू करायचं. सोसायटीच्या सभेत म्हात्रे हसले. "तू काय वीज बोर्डाची विंजनेर हाय का गो? मना माजे घरात बटन दाबाला तुजी परमिशन लागल?"

"नगा घेऊ," कुसुमताई म्हणाल्या. "मोटर जळली की रबाळ्याला घेऊन या. तिथं भेटूच."

आठवड्याभरात म्हात्र्यांसकट सगळे त्यांची हाक ऐकू लागले. "तळमजलाऽ!" मग थोडा वेळ शांतता. "पहिलाऽ!" मुलांनी तिचा खेळ केला, चौथ्या मजल्यावरून कुणीतरी "पाचवाऽ!" असं ओरडे आणि पाचवा मजला नव्हताच. कुसुमताई हसत नसत. त्यांचा कान आमच्या फ्रिजकडे लागलेला असे.

मे महिन्यातल्या एका शनिवारी वीज सकाळीच गेली. कुसुमताई कामावर होत्या, मला सुट्टी होती. नेमाप्रमाणे मी बटण बंद केलं. पण दुपार झाली तरी वीज येईना. मी दर तासाला फ्रिज किंचित उघडून डब्याला हात लावी आणि तो आदल्या वेळेपेक्षा कमी गार लागे. उघडल्याने आणखी गरम होतोय हे कळत असूनही राहवत नव्हतं. चारच्या सुमारास बल्बमध्ये एक तांबडी रेघ उजळली. जिन्यात पुकारणारं कुणी नव्हतं. मी धावत जाऊन बटण दाबलं. जितक्या लवकर गार होईल तितकं बरं, एवढंच डोक्यात होतं.

फ्रिज गुरगुरला. टक् असा आवाज झाला आणि बंद पडला. थोड्या वेळाने पुन्हा गुरगुरला, पुन्हा टक्.

"बंद कर गं," आई म्हणाली. "काहीतरी बिनसलंय."

"तुला नेहमी बंदच करायचं असतं. आत औषध आहे आई."

मी त्याला अर्धा तास धडपडू दिलं. मला वाटत होतं तो प्रयत्न करतोय, आता लागेलच. मग तो वास आला. वॉर्निशचा, पण करपलेला.

कुसुमताई सहा वाजता आल्या. जिन्याच्या वळणावरच थांबल्या; तो वास त्यांच्याइतका कुणाला कळणार. आत येऊन त्यांनी फ्रिजला हात लावला नाही. "किती वेळ धडपडत होती?"

"अर्धा तास."

"अगं पोरी," त्या हळू म्हणाल्या, "ती ओरडून सांगत व्हती की, बंद कर म्हणून."

मग त्या भिंतीला टेकून खाली बसल्या. त्यांचे दोन्ही हात मांडीवर तसेच पडून होते. ते हात मी रिकामे कधी पाहिले नव्हते. मी शेजारी बसले. माफी मागावी असं मनात होतं, ती शेवटपर्यंत राहूनच गेली.

डबा हलवायचा कुठे? वरखाली चौकशी केली तर आणखी दोन घरांतून तोच वास येत होता. बाकीच्यांचे फ्रिज लागले होते की नाही त्यांनाच सांगता येईना. शेवटी म्हात्रे बनियनवर वर आले. "माजा चालू हाय. मी झोपलेलो, मना वीज आलेली कललीच नाय. आता पाच वाजता उठून लावला."

"झोप तरी कामाला आली तुमची," कुसुमताई म्हणाल्या आणि उठल्या. म्हात्र्यांनी आपल्या फ्रिजमधली बांगडे मासळीची पिशवी काढली, फळी ओल्या फडक्याने दोनदा पुसली आणि डबा स्वतःच्या हाताने ठेवला. "जाधवला सांग, टेन्शन घेव नको. मी दार उघडू देनार नाय कोनाला."

दुसऱ्या दिवशी रविवार असूनही कुसुमताईंनी मालकाकडून वर्कशॉपची किल्ली मागून घेतली आणि आमच्या फ्रिजची मोटर तिथे नेली. एक कारागीर येऊन मोटरीचा लोखंडी डबा कापून देऊन गेला. मी बरोबर गेले होते. का, ते मला त्यांनी विचारलं नाही. "बसायचं असंल तर बस. बोलायचं न्हाई," एवढंच म्हणाल्या. जळकी तार काळ्या केसांसारखी निघत होती. आतलं रिकामं लोखंडी कडं त्यांनी रॉकेलने पुसलं, त्याच्या खाचांत कागद बसवला आणि वेढे भरायला घेतले. आधी जाड तार, चालण्याची. मग बारीक, उठण्याची. बोटं यंत्रासारखी चालत होती म्हणणं बरोबर होणार नाही, कारण मधूनमधून ती थांबत, तार दिव्याकडे धरून बघत, कुठे ओरखडा आहे का, आणि पुन्हा सुरू होत. तीन तास मी फक्त त्यांचे पुटपुटलेले आकडे ऐकले. मंगळवारी फ्रिज परत चालू झाला. त्या शनिवारचा विषय त्यांनी पुन्हा कधी काढला नाही, आणि औषधाचा डबा आमच्याच फ्रिजमध्ये परत आणून ठेवला. माझ्यावर त्याहून मोठा विश्वास कुणी टाकल्याचं मला आठवत नाही.

पुढे दोन-तीन वर्षांत भाऊंचे गुडघे गेले. गोणी उचलणं बंद झालं. दिवसभर गॅलरीत बसत आणि गावाला जायचं म्हणत. गावी थोरल्या भावाच्या घरात दोन खोल्या होत्या, विहीर होती, बोलायला माणसं होती. कुसुमताई एरवी कुठल्याही गोष्टीला चटकन होय म्हणत, पण याला म्हणेनात.

"तिथं दिवा लागतो, उजेड पडत न्हाई," त्या आईला म्हणाल्या. "मोटर उठायची कशी? स्टॅबिलायझर लावला तर त्यो दिवसभर टिकटिक करत बसंल."

"मग नको म्हण त्यांना," आई म्हणाली.

"इतकी वर्षं ओझं उचललं माणसानं. आता गावाला जातो म्हणतोय, तर नगं म्हणू?"

एका संध्याकाळी त्यांनी मला विचारलं, "तुझ्या लायब्ररीत मोटरीचं पुस्तक असंल का गं?" मी इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांसाठीचं एक जुनं पुस्तक आणलं. त्या सातवीपर्यंत शिकलेल्या. मी वाचून मराठीत सांगायचं आणि त्यांनी ऐकायचं. कमी दाबावर चालवायची मोटर असेल तर वेढे कमी करून तार जाड घ्यावी, असं पुस्तकाचं म्हणणं होतं. कुसुमताई म्हणाल्या, "ते मला ठाऊक हाय. किती कमी, ते सांगतंय का तुझं पुस्तक?" मी गणित करून आकडा काढला. त्यांनी तो ऐकून घेतला, मान हलवली आणि स्वतःच्या अंदाजाने त्याच्याहून पाच वेढे जास्त धरले.

वर्कशॉपमध्ये दोन मेलेल्या फ्रिजमधून त्यांनी एक उभा केला. अंग पांढरं, दार हिरवं. त्यात घालायची मोटर त्यांनी दोनदा भरली. पहिली दाब कमी करून लावली तेव्हा उठली, पण तासाभरात तापली. ती त्यांनी मुळापासून उसवली. दुसरी भरायला आठ दिवस घेतले, कामाचे तास संपल्यावर बसून. ज्या दिवशी ती लागली त्या दिवशी त्या चप्पलही न काढता आमच्या घरात आल्या. "उठली," म्हणाल्या. "दीडशे व्होल्टला उठली. चार तास चालली, कोमट बी न्हाई."

त्या मोटरीला एकच भीती होती. दाब पूर्ण आला तर ती जळणार. म्हणून त्यांनी भाऊंना बजावून आणि थोरल्या दिरांना पत्रातून नेम कळवला: दिवा पांढरा दिसला की फ्रिज बंद करायचा.

आई चकित झाली. "म्हणजे लख्ख उजेड पडला की बंद?"

"व्हय. गावाला तेवढा दाब आलाच तर मी आधी पेढे वाटीन, मग बटण बंद करीन."

त्या मोटरीवर भाऊ गावी नऊ वर्षं राहिले. त्या वर्षांत कुसुमताईंची कार्डं येत, मोठ्या वाकड्या अक्षरांत दोन ओळींची. ह्यांची तब्येत बरी. मोटर बरी. आईला नमस्कार. भाऊ गेले ते हृदयाने. औषध एकदाही खराब झालं नाही, हे त्यांनी वेगळ्या कार्डावर लिहिलं होतं. मग आई गेली, मी जुईनगर सोडलं, आणि कार्डांचा पत्ता चुकला. तो मी कळवायला हवा होता. एका कार्डाचं काम होतं ते.

त्यांना मी शेवटचं पाहिलं ते गावाला निघाल्या त्या सकाळी. फाटकाशी टेम्पो उभा होता. भाऊंचे मार्केटातले जोडीदार सामान चढवायला आले होते. भाऊ पुढे ड्रायव्हरशेजारी बसले, मांडीवर थर्मास दोन्ही हातांनी धरून. औषध त्यात होतं. मागे भांडी, गाद्या, आणि मधोमध उभा केलेला तो पांढरा-हिरवा फ्रिज.

"मावशी, आडवा टाका त्याला," ड्रायव्हर म्हणाला. "पुढं बसा की आरामात. सात-आठ तासांचा रस्ता आहे."

"आडवा टाकला तर मोटरीतलं तेल वर नळीत शिरंल. तू गाडी हाण. खड्डे चुकव."

फ्रिज दोराने बांधला होता, पण दोरावर त्यांचा भरवसा नव्हता. त्या मागे चढल्या, पाय रोवून उभ्या राहिल्या आणि दोन्ही हातांनी त्याला कवेत धरलं. आईने वाटेसाठी शेंगदाण्याचे लाडू केले होते. मी डबा वर केला, पण त्यांना हात सोडवेना.

"तोंडात दे," त्या म्हणाल्या.

मी टेम्पोच्या चाकावर पाय देऊन चढले आणि एक लाडू त्यांच्या तोंडात दिला. सगळाच दिला, गडबडीत. गाल भरला, डोळ्यांत पाणी आलं, आणि काही बोलायला तोंडात जागाच राहिली नाही. ड्रायव्हरने गाडी सुरू केली, मी खाली उतरले. टेम्पो सोसायटीच्या कोपऱ्यावर वळला तेव्हा त्या फ्रिजच्या हिरव्या दाराला गाल टेकवून उभ्या होत्या आणि सावकाश लाडू चावत होत्या.